मालक म्हणतात, मार्चची बिलं तेवढी फिरवून घे. काय करावं?

फिरतं_खातं यांचा प्रश्न

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ. नाव-गाव पूर्ण देत नाही, समजून घ्या.

कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीत फौंड्री आहे, तिथं मी अकाउंट्स बघतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, उलाढाल 40 कोटींच्या आसपास, बँकेचं सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी उचलायच्या कर्जाची मर्यादा) 8 कोटी. वाहन कंपन्यांना सुटे भाग देणाऱ्या मोठ्या पुरवठादारांना आम्ही कास्टिंग देतो. मालकांना सगळे आबा म्हणतात. आता धाकटे मालकही कामात आलेत, पण बँक अजून आबांच्या तोंडाकडं बघून चालते.

यंदा एका मोठ्या गिऱ्हाइकानं रिजेक्शनचा वाद काढून पेमेंट अडवलं. त्यांच्याकडचे 1 कोटी 60 लाख आता 90 दिवसांच्या वर गेलेत. बँक ड्रॉइंग पॉवर (डीपी, म्हणजे माल आणि येणं बघून प्रत्यक्ष किती उचलता येईल तो आकडा) काढताना 90 दिवसांपुढचे डेटर, म्हणजे गिऱ्हाइकांकडचं येणं, धरत नाही. म्हणजे मार्चच्या स्टॉक स्टेटमेंटला (बँकेला द्यायचा माल आणि येण्याचा तक्ता) आमची डीपी घसरणार आणि खातं ओव्हर जाणार. पगार, कोकचं बिल, लाइटबिल सगळं त्याच खात्यातून जातं.

परवा आबांनी केबिनमध्ये बोलवून दोन कामं सांगितली. एक, त्या गिऱ्हाइकाची जुनी बिलं क्रेडिट नोट (बिल रद्द किंवा कमी करणारा कागद) टाकून उलटवायची आणि त्याच मालाची मार्चच्या तारखेनं नवी बिलं करायची, म्हणजे डेटर ‘ताजे’ होतील. दोन, यार्डात पडलेल्या 70 लाखांच्या कास्टिंगचं 31 मार्चला आबांच्या साडूच्या फर्मवर बिल टाकायचं. माल हलणार नाही. एप्रिलमध्ये ‘रिजेक्शन’ म्हणून क्रेडिट नोट. “मार्चचं तेवढं सांभाळून घे, एप्रिलात पेमेंट आलं की सगळं सरळ करू,” एवढंच म्हणाले. लेखी काही नाही.

आता खरं सांगायचं तर आबा वाईट माणूस नाही. लॉकडाऊनमध्ये मोल्डिंगच्या एकाही माणसाचा पगार थकवला नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनला न मागता पैसे दिले होते. त्यामुळं तोंडावर नाही म्हणताना जीभ जड होते. आणि माल आहे, गिऱ्हाईक आहे, येणं खरं आहे. हवेतलं काही नाही. मग याला घोटाळा म्हणायचं का? की मीच फार ताणतोय? आणि उद्या काही झालं तर टॅली सॉफ्टवेअरमध्ये एंट्री माझ्या आयडीनं असणार, त्याचं काय?

जाणकारांनी सांगावं. नोकरी सोडा हा सल्ला कृपया लगेच देऊ नका, हप्ते चालू आहेत.

---

सरळ_सांगतो

भाऊ, कुठल्या जगात आहात? मार्चएंडला अख्खी एमआयडीसी हेच करते. बँकेच्या मॅनेजरलाही माहीत असतं, त्यालाही खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालेलं नको असतं. आबा पैसे घेऊन दुबईला चाललेत का? नाही ना. मग करा आणि झोपा निवांत. फार विचार करणाऱ्यानं अकाउंट्समध्ये येऊ नये.

---

लाल_शाई

‘सरळ सांगतो’ यांचं पहिलं वाक्य खोटं नाही. पुष्कळ जण करतात. ऑडिटमध्ये माझं आयुष्य गेलं, त्यामुळे 31 मार्चच्या रात्री जन्मलेली आणि 4 एप्रिलला वारलेली बिलं मी भरपूर पाहिली आहेत. पण ‘सगळे करतात’ हे मूळ प्रश्नाचं उत्तर नव्हे. प्रश्न असा आहे की एप्रिलात पेमेंट आलं नाही तर जूनच्या स्टेटमेंटला काय करणार?

यावर सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीचं प्रकरण नीट वाचायला हवं. सत्यम म्हटलं की लोकांना ‘वाघावर बसलो, पण त्यानं न खाता उतरायचं कसं’ अशा अर्थाचं ते वाक्य आठवतं. 7 जानेवारी 2009 ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहिलं, त्यातलं. ते वाक्य नाट्यमय आहे म्हणून वर्तमानपत्रांना आवडलं. मला त्याच पत्रातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. त्यात त्यांनी लिहिलंय की प्रत्यक्ष नफा आणि पुस्तकात दाखवलेला नफा यांत सुरुवातीला किरकोळ फरक होता, तो वर्षागणिक वाढत गेला. कंपनी मोठी झाली तसा फरकही मोठा झाला.

आता तो ‘किरकोळ’ फरक शेवटी कुठे पोचला ते बघा. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत उत्पन्न दाखवलं 2,700 कोटी, खरं होतं 2,112 कोटी. ऑपरेटिंग नफा दाखवला 649 कोटी, खरा 61 कोटी. म्हणजे 24 टक्के मार्जिन म्हणून जे मिरवलं जात होतं ते प्रत्यक्षात 3 टक्के होतं. ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक 5,361 कोटी होती, त्यातले 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. आणि ज्या ठेवी नाहीत त्यांच्यावरचं येणं व्याज म्हणून 376 कोटी धरले होते. या व्याजाच्या आकड्यापाशी मी दर वेळी थांबतो. कारण हे व्याज कुणी खिशात घालण्यासाठी दाखवलेलं नाही. आधीची खोटी ठेव खरी वाटावी म्हणून ते दाखवणं भाग होतं. ठेव आहे म्हटल्यावर व्याज नको का? तुमच्या आबांच्या बाबतीतही हेच. साडूच्या फर्मवर 70 लाखांचं बिल टाकलं की जीएसटी भरावा लागणार, साडूच्या जीएसटीआर-2बीत (खरेदीवरच्या जीएसटीचा पोर्टलवरचा तक्ता) ते दिसणार, त्याला परचेस दाखवावी लागणार, त्याच्या स्टॉकमध्ये नसलेला माल येणार, मग रिजेक्शनचा कागद लागणार, रिजेक्शन म्हटलं की क्वालिटीचा रिपोर्ट लागणार. एका बिलापायी डझनभर कागद आणि त्यातले निम्मे दुसऱ्याच्या हातात.

सत्यममध्ये हे काम कसं चालायचं? तिथं बिलं बनवायची स्वतःची संगणक प्रणाली होती. तपासात पुढे आलं की काही विशिष्ट लॉगिनवरून सात हजारांहून जास्त खोटी बिलं तयार केली होती आणि ती इतर विभागांना दिसू नयेत अशी सोय केली होती. ज्या प्रकल्पप्रमुखाच्या नावावर बिल, त्यालाच ते दिसायचं नाही. बँकांची स्टेटमेंट आणि ठेवींच्या पावत्या बनावट. हे सगळं राजू स्वतः रात्री बसून करत नव्हते. कुणीतरी वित्त विभागातला माणूस कीबोर्डवर बसलेला होता.

म्हणून तुमच्या आयडीच्या प्रश्नाकडे येतो. 9 एप्रिल 2015 ला हैदराबादच्या विशेष न्यायालयानं दहा जणांना दोषी ठरवलं. राजू, त्यांचे दोन भाऊ, सीएफओ (वित्तप्रमुख), दोन ऑडिटर, अंतर्गत ऑडिटचा प्रमुख, आणि वित्त विभागातले तीन कर्मचारी. त्यातला एक असिस्टंट मॅनेजर होता. कारावास सगळ्यांना सारखाच, सात वर्षांचा. दंडात फरक होता, कारावासात नव्हता. पुढं अपिलात शिक्षा स्थगित होऊन जामीन मिळाला हे खरं, पण तोवर त्या माणसांची सहा वर्षं कोर्टकचेरीतच गेली होती. शेअर्सच्या भावातून ज्यांचं भलं झालं ते वेगळे होते, असिस्टंट मॅनेजर नव्हे.

आपला कायदाही याबाबत स्पष्ट आहे. जुन्या भारतीय दंडविधानात कलम 477अ होतं, आता न्याय संहितेत ते 344 आहे. हिशेबाच्या वह्यांत फसवणुकीच्या हेतूनं खोटी नोंद करणं, सात वर्षांपर्यंत शिक्षा. या कलमाची सुरुवातच कारकून, अधिकारी किंवा नोकर अशी होते. शिवाय कंपनी कायद्याचं 447 आहे: रक्कम 10 लाख किंवा उलाढालीचा एक टक्का, यांपैकी जी कमी तिच्या वर गेली की किमान सहा महिने, कमाल दहा वर्षं. तुमची रक्कम त्याच्या कितीतरी पुढे आहे.

ऑडिटरनं काय केलं असा प्रश्न नेहमी येतो, तर आमच्या जमातीबद्दलही लिहितो. बँक शिल्लक तपासायचा सर्वांत जुना आणि सोपा उपाय म्हणजे बँकेला थेट पत्र टाकणं आणि उत्तर थेट आपल्या ऑफिसात मागवणं. आर्टिकलशिपला आलेल्या पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात. अमेरिकेच्या एसईसीनं (शेअर बाजाराची नियामक संस्था) 2011 मध्ये सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय शाखांवर कारवाई केली, तेव्हाचा मुख्य आक्षेप हाच होता की ही पत्रं पाठवणं आणि उत्तरं घेणं त्यांनी कंपनीच्याच व्यवस्थापनावर सोडलं होतं. ज्याची परीक्षा, त्याच्याच हातात पेपर तपासायला. त्याआधी सप्टेंबर 2008 मध्ये याच सत्यमला उत्तम कारभाराबद्दल गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता, हेही जाता जाता.

तुमचा व्यवहार सत्यमएवढा नाही. पण ‘माल आहे, येणं खरं आहे’ या वाक्यानं स्वतःला फसवू नका. येणं खरं आहे, तारीख खोटी आहे. आणि बँक पैसे तारखेवरच देतेय.

---

फिरतं_खातं

काका, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. कारकुनाचं नाव कलमात पहिलं आहे हे वाचून पोटात गोळा आला.

एक सांगायचं राहिलं. टॅलीत माझा आयडी आहे खरा, पण पासवर्ड स्टोअरच्या माणसालाही माहीत आहे, आणि धाकट्या मालकांनाही. बिलिंगच्या टेबलवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलाय. आमच्याकडं असंच असतं.

आमचे सीए वर्षातून दोनदा येतात. त्यांना सांगावं का? की ते आबांनाच फोन लावतील?

---

ड्रॉइंग_पॉवर

मी पलीकडच्या बाजूनं लिहिते. एका सहकारी बँकेत कर्ज विभागात बरीच वर्षं स्टॉक स्टेटमेंट तपासायचं काम केलं.

‘मॅनेजरलाही माहीत असतं’ हे वाक्य मी कर्जदारांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येत नाही. मॅनेजरची बदली तीन वर्षांनी होते. फाइल तिथंच राहते. नंतर आलेला माणूस ती वेगळ्या डोळ्यांनी वाचतो आणि त्याला तुमच्या आबांच्या चांगुलपणाची काही माहिती नसते.

आम्ही काय बघतो ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. मार्चचं स्टेटमेंट आलं की चांगला अधिकारी ते बाजूला ठेवतो आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातल्या क्रेडिट नोटा मागवतो. मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांतली मोठी बिलं घेतो आणि त्यांची ई-वे बिलं (माल हलवताना लागणारा जीएसटी पोर्टलवरचा परवाना) मागतो. फौंड्री असेल तर वजनकाट्याची पावती आणि गेटचं रजिस्टर. सत्तर लाखांचं कास्टिंग म्हणजे कित्येक टन लोखंड आहे हो. ते ट्रकशिवाय साडूकडे जात नाही, आणि ट्रक काट्याशिवाय गेटबाहेर जात नाही. बिल आहे, ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदलेलं बिल) आहे, पण ई-वे बिल नाही, काटा नाही, गेटपास नाही. एवढं जुळवायला अर्धा तास लागतो. आता तर जीएसटीआर-1 (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र) आणि स्टॉक स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवायची पद्धतच झालीय. बिलाची तारीख तुम्ही मागची टाकाल, पण पोर्टलवर नोंदणी झाल्याची तारीख वेगळी उमटते, ती तुमच्या हातात नाही.

आणि हो, तो माल यार्डातच राहिला तर दोनच शक्यता. एकतर पुस्तकी स्टॉक कमी होऊन स्टॉक ऑडिटला माल जास्त सापडेल, नाहीतर तोच माल स्टॉकमध्येही धरला जाईल आणि डेटरमध्येही. दुसऱ्या प्रकारात एकाच लोखंडावर दोनदा कर्ज घेतलं जातं. फाइलवर याला आम्ही ‘अनियमितता’ लिहीत नाही, त्याहून जड शब्द लिहितो.

‘लाल शाई’ यांनी सत्यमचं लिहिलं. मला आपल्या घरचं, पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं, कारण तिथं खोटं स्टेटमेंट कर्जदारानं बँकेला नाही, तर बँकेनंच रिझर्व्ह बँकेला दिलं. मुख्यालय भांडुपचं. एकूण कर्जांपैकी सुमारे 73 टक्के, म्हणजे 6,500 कोटींच्या घरातली रक्कम, एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहात अडकली होती. ते लपवायला 21,049 बनावट कर्जखाती कागदावर उभी केली. कोअर बँकिंगच्या प्रणालीत ती नव्हतीच, फक्त रिझर्व्ह बँकेला पाठवायच्या यादीत होती. इथंही कर्ता एकटा नव्हता. एकवीस हजार नावांची यादी एक माणूस लिहीत नाही.

सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत एकूण 1,000 रुपये काढायची मुभा होती. हजार रुपये. पुढं ती वाढवत वाढवत लाखापर्यंत नेली. जानेवारी 2022 मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून मिळाल्या, त्यावरच्या रकमांना दहा वर्षांपर्यंतचे टप्पे. पाच लाखांची विमा मर्यादासुद्धा फेब्रुवारी 2020 मध्ये, या प्रकरणानंतरच झाली, त्याआधी फक्त एक लाख होती. निवृत्तीचे पैसे ठेवलेल्या माणसाला या टप्प्यांचं काय करायचं, हे कुठल्याच परिपत्रकात नाही.

आता तुमच्या आबांना उपयोगी पडेल असं. त्यांची अडचण खरी आहे आणि तिच्यावर खरे उपायही आहेत. पहिला, बँकेत स्वतः जाऊन तात्पुरतं ॲड-हॉक लिमिट मागायचं, गिऱ्हाइकाशी झालेला पत्रव्यवहार दाखवून. मिळेलच असं नाही, पण मागणाऱ्याकडे बँक बघते. दुसरा, तुमची कंपनी उद्यम या सरकारी नोंदणी पोर्टलवर लघु म्हणून नोंदलेली असेल तर 45 दिवसांच्या पुढे पैसे अडवणाऱ्या गिऱ्हाइकाला एमएसएमईडी या लघुउद्योगांच्या कायद्यानं चक्रवाढ व्याज लागतं. प्राप्तिकराच्या 43बी(एच) खाली ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला खर्च म्हणूनही वजा मिळत नाही. मार्चअखेर ही गोष्ट त्यांच्या फायनान्स हेडला एका ओळीच्या मेलनं आठवण करून द्या. बऱ्याचदा वादातली रक्कम बाजूला ठेवून उरलेलं पेमेंट सुटतं. तिसरा, पुढच्या बिलांसाठी ट्रेड्स, म्हणजे बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता त्यावर नोंदणी सक्तीची आहे. गिऱ्हाइकानं बिल मान्य केलं की फायनान्सर काही दिवसांत पैसे देतो.

---

सरळ_सांगतो

छान. पुस्तकं सगळ्यांनाच येतात. तो 43बी(एच)चा मेल केला की पुढच्या महिन्यात ऑर्डर बंद, मग त्या चक्रवाढ व्याजाची वरण-भाताबरोबर चटणी करायची का? लहान कारखानदार मोठ्या गिऱ्हाइकापुढं बोलू शकत नाही म्हणून बँकेपुढं खोटं बोलतो. मूळ रोग तिकडं आहे.

---

लाल_शाई

हा मुद्दा मात्र सोळा आणे खरा आहे आणि मी तो खोडणार नाही. थकलेल्या पेमेंटच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार केलेल्या पुरवठादाराला पुढं ऑर्डर मिळत नाही, ही भीती उगाच नाही. म्हणूनच तक्रार आणि आठवण यांत फरक करायचा. ‘ड्रॉइंग पॉवर’ आठवणच सुचवतायत.

पण मूळ रोग तिकडं असला तरी औषध साडूच्या फर्ममध्ये नाही.

‘फिरतं खातं’, तुमच्या सीएबद्दल. सांगा. आधी आबांशी बोला, मग सीएंना सांगा, त्यांच्या पाठीमागं नको. ते आबांना फोन लावतीलच, लावू द्यात. ऑडिटरला फसवणूक आढळली आणि ती एक कोटी किंवा त्याहून जास्त असेल तर कंपनी कायद्याच्या कलम 143(12) नुसार त्याला केंद्र सरकारला कळवावं लागतं, त्याखालची असेल तर संचालक मंडळाला. तुमचे फिरवायचे डेटर 1 कोटी 60 लाखांचे आहेत. शहाणा सीए हे ऐकूनच आबांना दोन गोष्टी समजावेल, आणि त्या तुमच्यापेक्षा त्याच्या तोंडून आबांना जास्त पटतील. निनावी तक्रारीची अधिकृत यंत्रणा मात्र तुमच्याकडं नसणार. ती सूचिबद्ध कंपन्यांना, किंवा ठेवी घेणाऱ्या, किंवा बँकांकडून 50 कोटींच्या वर कर्ज असलेल्या कंपन्यांना लागते. तुमच्यासारख्यांना ऑडिटर हाच दरवाजा.

पासवर्डची चिठ्ठी आज फाडा. हे मी गंमतीनं लिहीत नाही. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग बंधनकारक आहे. कुणी, कधी, काय बदललं ते राहतं आणि पुसता येत नाही. धाकट्या मालकांनी रात्री अकरा वाजता तुमच्या आयडीनं बिल टाकलं तर लॉगमध्ये तुम्ही आहात. नवा पासवर्ड घ्या, दोघांना वेगवेगळे आयडी करून द्या आणि तसं केल्याचा साधा मेल टाका: ‘एडिट लॉगच्या नियमामुळे आजपासून प्रत्येकाचा आयडी वेगळा केला आहे.’ यात कुणावर आरोप नाही.

आबांना नाही कसं म्हणायचं, तर नाही म्हणूच नका. “आबा, ही बिलं माझ्यानं होत नाहीत, ई-वे बिलाशिवाय अडकतील, तुम्हीच अडचणीत याल” एवढं म्हणा आणि ते खरंच आहे. संध्याकाळी त्यांना एक मेल: आज बोलणं झालं त्याप्रमाणे क्रेडिट नोट व नवी बिलं केलेली नाहीत, 90 दिवसांवरील येण्याची यादी सोबत जोडली आहे. ‘फ्रॉड’, ‘बेकायदेशीर’ असले शब्द घालू नका. कंपनीचा डेटा पेनड्राइव्हवर घरी नेऊ नका, त्यानं तुमचीच बाजू लंगडी होते. तुमचा पाठवलेला मेल पुरेसा आहे.

---

फिरतं_खातं

आज 2 एप्रिल. काय झालं ते लिहितो, दोन-तीन जणांनी व्यनि करून विचारलंय.

आबांशी बोललो. आधी आवाज चढला. “तुला आईच्या वेळी मी कागद मागितला होता का?” हे वाक्य ते बोलले. मला उत्तर सुचलं नाही आणि मी गप्प बसलो. मग ते काट्याकडं गेले आणि दिवसभर केबिनमध्ये आले नाहीत. संध्याकाळी मेल टाकला, काकांनी सांगितला तसाच.

दुसऱ्या दिवशी धाकटे मालक माझ्या टेबलाशी आले. ते ई-वे बिलाचं ऐकून जरा हबकले होते, कारण डिस्पॅच तेच बघतात आणि काट्याच्या पावतीवर सही त्यांची असते. सीएंना त्यांनीच फोन लावला. मला काय बोलणं झालं ते माहीत नाही, पण साडूच्या फर्मचं बिल टाकलं गेलं नाही. यार्डातला माल स्टॉकमध्येच आहे. गिऱ्हाइकाला मेल धाकट्या मालकांनी स्वतः लिहिला, व्याजाचा उल्लेख गाळून, फक्त 43बी(एच)ची ओळ ठेवून. वादाबाहेरच्या बिलांचे 38 लाख 30 तारखेला आले. उरलेलं अडकलेलंच आहे.

जुनी बिलं फिरवायचं मात्र अजून हवेत आहे. आबांनी ‘नको’ म्हटलेलं नाही, ‘बघू’ म्हटलंय. काल बिलिंगच्या मुलाला विचारत होते की मागच्या तारखेचं ई-इनव्हॉइस अजून निघतं का. माझ्याशी जेवणाच्या सुट्टीत बोलत नाहीत.

स्टॉक स्टेटमेंट 10 तारखेपर्यंत बँकेला द्यायचं असतं. तयार मी करतो, सही आबांची. आता ते कसं करू? खरं लिहिलं तर आलेले 38 लाख धरूनही डीपी कमी पडते. आणि मी एक यादी दिली, नि आबांनी दुसरीच पाठवली तर?

---

ड्रॉइंग_पॉवर

यादी पूर्ण द्या. प्रत्येक बिल, मूळ तारीख, दिवस. 90 च्या वरची बिलं त्याच कागदावर वेगळ्या रकान्यात ठेवा, गाळू नका. वादातली असतील तर शेऱ्यात ‘रिजेक्शनबाबत पत्रव्यवहार सुरू’ असं लिहा. एक प्रत मेलनं आबांना आणि धाकट्या मालकांना, सीएंना सीसी. त्यानंतर आबांनी दुसरं काही सही करून पाठवलं तर ते त्यांचं स्टेटमेंट, तुम्ही बनवलेलं नाही, हे मेलच्या तारखेवरून कळतं. मागच्या तारखेचं ई-इनव्हॉइस तुमच्या आयडीनं कुणी काढलं का, ते 10 तारखेच्या आधी एकदा लॉगमध्ये बघून घ्या.

डीपी किती कमी पडतेय ते आकड्यात काढून धाकट्या मालकांना बँकेत पाठवा, 10 ची वाट न बघता. सोबत 38 लाख आल्याचं बँक स्टेटमेंट, गिऱ्हाइकाचे मेल आणि पुढच्या दोन महिन्यांच्या ऑर्डर. स्टेटमेंटच्या आधी आलेला कर्जदार आणि खातं ओव्हर गेल्यावर बोलवून घेतलेला कर्जदार, या दोघांच्या अर्जांवर आमच्याकडं नोट वेगवेगळी लिहिली जाते. आणि आधी कर्ज विभागातल्या अधिकाऱ्याला भेटा म्हणावं, मॅनेजरच्या केबिनमध्ये नंतर जा. प्रस्ताव तोच लिहितो.